झिम्बाब्वेची कला म्हणजे फक्त शोना शिल्पं?

पारावरचा:
झिम्बाब्वेतल्या शोना लोकांबद्दल "हजार वर्षांची अखंड शोना शिल्पपरंपरा" अशी काल इथे पोस्ट पडली आणि सगळे वाहवा करत सुटले. डोकं फिरलं वाचून. ग्रेट झिम्बाब्वेत, म्हणजे त्या जुन्या दगडी नगराच्या अवशेषांत, साबणदगडाचे पक्षी सापडले, कबूल. पण आजची शिल्पं तिथून थेट चालत आलेली नाहीत. १९५७ला सॉल्सबरीत (आजचं हरारे) ऱ्होड्स नॅशनल गॅलरी उघडली. तिचे पहिले संचालक फ्रँक मॅकइवन यांच्या कार्यशाळेतून हे काम नावारूपाला आलं. टेंगेनेंगेची शिल्पकारांची वसाहत १९६६ची. टॉम ब्लोमफील्ड हा तंबाखूवाला शेतकरी, ऱ्होडेशियावरच्या (तेव्हाचं झिम्बाब्वे) आंतरराष्ट्रीय निर्बंधांमुळे धंदा बसला, जमिनीत सर्पेंटाइन हा कोरायचा दगड होता, माणसं त्यातून शिल्पं घडवायला लागली. त्यात कितीतरी मलावी, मोझांबिक, अंगोलातून आलेले चेवा, याओ, म्बुंदा जमातींचे लोक! त्यांचं श्रेय शोनांच्या खात्यावर का?

कातळ:
म्हणजे गोऱ्यांनी दिली म्हणून कला आली, असंच ना? मॅकइवन धडे देण्याच्या विरोधातच होता. टेंगेनेंगेचा शिल्पकार बर्नार्ड मातेमेराच्या त्या अवाढव्य, अर्धी माणसं अर्धी जनावरं वाटणाऱ्या आकृत्या कुठल्या गॅलरीने शिकवल्या? साठ-सत्तर वर्षांची परंपरा तुम्हाला चालत नाही का?

पारावरचा:
माझ्या तोंडी नको ते घालू नका. गोऱ्यांचं कौतुक मी कुठे केलं?

हरारेची सून:
तुमचं भांडण चालू द्या. मी तिथे राहिलेय. रस्त्याकडेला शिल्पकार दगड आगीवर तापवायचा, वरून मेण चोळायचा आणि राखाडी दगड बघता बघता काळाभोर व्हायचा. एवढी मेहनत डोळ्यांनी बघूनही आपली मंडळी गाडीतून उतरून पाच डॉलरसाठी अर्धा तास हुज्जत घालायची. मला लाज वाटायची.

वसूलराव:
ताई, भाव करणं हा अपमान नाही. तोही वाढवूनच सांगतो.

हरारेची सून:
त्याच्या घरी चूल त्याच विक्रीवर पेटते, दादा. तुमची नाही.

वसूलराव:
तोच तुकडा युरोपातल्या गॅलरीत कितीला जातो, ते विचारा. शिल्पकाराला लुटतो तो मधला दलाल, आम्ही नाही!

कातळ:
दलाल लुटतो म्हणून आपणही लुटायचं? भलताच न्याय!

नदीकाठ:
इतकी बाचाबाची झाली आणि झांबेझी नदीकाठच्या टोंगा लोकांचं नाव कुणी काढलं नाही. करिबा धरणाने झांबेझीच्या दोन्ही तीरांवरून सुमारे ५७ हजार टोंगांना उठवलं. तरी त्यांचं बुंटिबे हे शिंगांचं संगीत टिकलं. एकेकाच्या हातात एकेक शिंग, प्रत्येकाचा एकच सूर, खाली ढोल, आणि त्यातून अख्खं संगीत उभं राहतं. मयताला वाजवतात. टोंगांच्या बिंगा भागातल्या बायकांच्या टोपल्या बघा. झिम्बाब्वेच्या २०१३च्या राज्यघटनेत १६ अधिकृत भाषा आहेत आणि तुम्ही एका दगडावर अडून बसलात. दगड विमानात चढतो, मयताचं वाद्य चढत नाही, म्हणून त्याची किंमत कमी का?

पारावरचा:
हे मी लिहायला हवं होतं, मान्य. पण कातळ, "हजार वर्षं अखंड" हे तुम्ही अजून खोडलेलं नाही.

कातळ:
"अखंड" सोडतो. पक्षी सोडणार नाही. आणि चेवांचं श्रेय चेवांना द्या, त्याला माझा विरोध कधीच नव्हता.

वसूलराव:
भाव मात्र मी करणारच.

हरारेची सून:
करा. पण आधी त्याचं नाव विचारून घ्या, शिल्पाच्या खाली कोरलेलं असतं.