मार्चएंडनं डोकं उठवलंय, साताऱ्यातल्या साताऱ्यात बिनखर्चाचं काय करता येईल?

गोडोलीकर:
पतसंस्थेत कामाला आहे, त्यामुळे मार्चएंड म्हणजे काय ते सांगायला नको. साडेसातला पोवई नाक्यावरून निघतो, दहा मिनिटांत घरी. आणि चपला काढायच्या आधीच काहीतरी बिनसतं. परवा धाकट्याच्या हातून कंपासपेटी पडली. आवाज तो केवढा, पण मी असा खेकसलो की पोरगं खाली बसून एकेक पेन्सिल गोळा करत राहिलं, माझ्याकडं बघेचना. बायको काही बोलली नाही, तेच जास्त लागलं.

झोप बरी आहे, व्यसन नाही. दहा दिवसांच्या शिबिराला जा असं कृपया सांगू नका, इथं दहा मिनिटांची मारामार आहे. सुविचारही नकोत, सकाळी फोन उघडला की तेच असतात. रोज जमेल असं तुम्ही काय करता?

पहाटपक्षी:
अजिंक्यतारा! साडेपाचला उठा, चालत वर जा, मंगळाईचं दर्शन घ्या. वरून यवतेश्वर, सज्जनगड, जरंडेश्वर सगळं दिसतं. तुमची पतसंस्था काडेपेटीएवढीसुद्धा दिसणार नाही, हाच मोठा फायदा. गुडघे कुरकुरत असतील तर गडाच्या उतारावरच्या 'चार भिंती' स्मारकापर्यंत जाऊन परत फिरा.

शाहूपुरीची_सून:
पहाटपक्षी दादा, गड चांगलाच, पण यांचा भडका संध्याकाळी उडतोय. सकाळचं वारं तोवर पुरत नाही, निदान मला तरी पुरलं नाही.

मी शाळेत शिकवते. पूर्वी शाळेतला राग जसाच्या तसा घरी यायचा. आता येताना गोलबागेपाशी गाडी लावते आणि पंधरा मिनिटं नुसती बसते. फोन डिकीत. वाचन नाही, जप नाही, काही नाही. पोरं पळत असतात, म्हातारी मंडळी गुडघेदुखीवर बोलत असतात, ते ऐकते. पहिले चार दिवस चोरी केल्यासारखं वाटलं. मग सासूबाईंना सरळ सांगून टाकलं, 'मी पंधरा मिनिटं उशिरा येणार, पण माणूस म्हणून येणार.' त्या म्हणाल्या, येताना कोथिंबीर आण.

तुम्हाला गोडोलीचं तळं वाटेतच आहे की.

नर्सबाई:
+१, मधला थांबा हवाच. तिथं काय करायचं ते मी सांगते. श्वास आत घेताना नाडी किंचित जलद होते, सोडताना मंदावते. म्हणून सोडणं लांबवायचं. मनात चार मोजत नाकानं घ्या, सात मोजत सोडा. असं दहा वेळा, दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत. मोजायचा कंटाळा असेल तर भ्रामरीसारखं गुणगुणत सोडा, आपोआप लांबतं. गरगरलं तर थांबा, जोर लावायचा नाही.

दुसरं, दुपारचा डबा वेळेवर खाता का? सहा-सात तास पोटात फक्त चहा असेल तर साडेसातला कुणीही खेकसेल. आणि संध्याकाळचा चहा कमी करा. कॅफीन निम्मं उतरायला साधारण पाच तास जातात.

खवचट_सातारी:
एवढं कशाला? दोन कंदी पेढे, विषय संपला.

नर्सबाई:
दोनावर कोण थांबतं ते दाखवा आधी.

माणदेशी_गडी:
आमी शेंगा फोडतो. खरंच सांगतो. डोस्कं लई तापलं की सूप घ्यायचं, किलोभर शेंगा वतायच्या आन बसायचं. एक फोडली की दुसरीकडं हात जातोच. टरफलं एकीकडं, दाणं एकीकडं. अंगठा दुखाय लागला की समजायचं, झालं. पोरांना शेजारी बशिवतो. समोरासमोर बसून विचारलं तर बोलत न्हाईत, शेंगा फोडता फोडता सगळं शाळंतलं सांगत्यात.

नर्सबाई:
एक राहिलं. सलग दोन आठवडे मन उदास असेल, झोप-भूक बिघडली असेल, कशातच गोडी वाटत नसेल, तर तळं आणि शेंगांवर भागवू नका, डॉक्टरांकडे जा. सरकारची टेली-मानस सेवा आहे, १४४१६ वर. चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात. तुमचं तसं वाटत नाही, पण धागा वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला लागेल.

गोडोलीकर:
सगळ्यांचे आभार, दोन आठवड्यांनी लिहितोय. पहिल्या दिवशी तळ्यापाशी बसलो आणि सवयीनं फोन काढला. साहेबांचा मेसेज. आणखी तापून घरी गेलो. दुसऱ्या दिवसापासून फोन डिकीत. श्वास गाडीवर बसूनच मोजत होतो, तर हेल्मेटची काच धुरकटली आणि एका आजोबांनी काचेवर टकटक करून विचारलं, 'गाडी बंद पडली का?' तेव्हापासून हेल्मेट काढून बसतो.

गड फक्त रविवारी जमला. डबा आता दोनच्या आत खातो, याचा फरक मी धरला होता त्यापेक्षा जास्त पडला. अजून एकदा ओरडलो, नाही असं नाही, पण लगेच कळलं.

शेंगांचं मात्र काय सांगू. धाकट्यानं शेंगेचं तोंड अर्धवट उघडून माझ्या दोन्ही कानांच्या पाळ्यांना डूल लटकवले. तेवढ्यात बेल वाजली, मी तसाच दार उघडायला गेलो. दारात वसुलीला आलेला आमचाच पिग्मी एजंट.

माणदेशी_गडी:
भाजलेल्या घिऊ नगा, कच्च्याच घ्या. भाजलेल्या फोडायच्या आदीच संपत्यात.