मदत हवी आहे: कराचीच्या मेवाशाह कबरस्तानातल्या एका मराठी-हिब्रू कबरीवरचं साल

नमस्कार. इतिहास आणि शिलालेख वाचणारी मंडळी इथे बरीच आहेत, म्हणून हा धागा.

आम्ही ठाण्याचे बेने इस्राएल (कोकणातले मराठी बोलणारे यहुदी), मूळचे अलिबागकडचे. पप्पांचे आजोबा नोकरीसाठी कराचीला गेले आणि तिथेच वारले. तेव्हा सिंध मुंबई इलाख्यातच होता (१९३६ साली वेगळा झाला), त्यामुळे कोकणातून कराचीला जाणं म्हणजे परदेशी जाणं नव्हतं. आमची बरीच माणसं तिकडे होती. रणछोड लाइनमध्ये मागेन शालोम ही मशीद होती. (आमच्यात सिनेगॉगला मशीदच म्हणतात, गोंधळ नको.) ती १८९३ साली सॉलोमन डेव्हिड उमरडेकर यांनी बांधली. ते कराची म्युनिसिपालिटीत सर्व्हेअर होते. फाळणीनंतर लोक पांगत गेले, कोणी मुंबईत आलं, कोणी इस्रायलला गेलं, आणि १९८८ साली मशीद पाडून तिथे शॉपिंग प्लाझा झाला. उरलं आहे ते कबरस्तान. मेवाशाह हे कराचीतलं जुनं, अवाढव्य कबरस्तान आहे, त्याच्या एका कोपऱ्यात यहुद्यांचा भाग आहे. सॉलोमन डेव्हिड यांची कबरही तिथेच.

इस्रायलमध्ये अश्दोदला राहणाऱ्या चुलत बहिणीला तिथल्या कबरींच्या फोटोंमध्ये आमच्या पणजोबांचं नाव सापडलं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, तिन्ही जुळतात. अडलंय ते तारखेवर.

दगडावर वर हिब्रू आणि खाली मराठी आहे. मराठी ओळींपैकी मधली ओळ पापुद्रे सुटून पार गेली आहे. शेवटच्या ओळीत 'वार बुधवार सन १९१' इतकं स्वच्छ वाचता येतं, आणि नेमका पुढच्या आकड्याचा कोपरा तुटलेला. हिब्रूत 'योद शेबात', म्हणजे यहुदी पंचांगातल्या शेबात महिन्याची १० तारीख (हिब्रूत आकडे अक्षरांनी लिहितात). वर्षाची अक्षरं ताव, रेश, आयिन आणि शेवटी 'हे' किंवा 'हेत' (पाच हजार लिहीत नाहीत, धरून चालतात). 'हे' असेल तर ५६७५, 'हेत' असेल तर ५६७८. दोन्ही अक्षरं दिसायला जवळपास सारखी. हेतचा डावा पाय वर टेकलेला असतो, हेचा टेकत नाही. फोटोत तो टेकलाय की तिथे मातीची रेघ आहे, ते कळत नाही. घरात एवढंच माहीत आहे की ते 'लढाईत' गेले, म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या काळात. त्यात दोन्ही सालं बसतात.

पप्पांना आता ऐंशीच्या पुढे वाटतंय की एकदा तरी आपल्या आजोबांच्या नावाने कद्दिश (मृतांसाठी म्हणायची प्रार्थना) म्हणावं. ते कुठल्याही वर्षी १० शेबातला म्हणता येईल, हे मला कळतं. पण त्यांना मशिदीत साल सांगून म्हणायचंय. म्हाताऱ्या माणसाचा हट्ट आहे, मोडवत नाही.

तर हवंय ते असं. एक, साल ठरवायचा काही मार्ग? दोन, मागेन शालोमची मृत्यूची नोंदवही कुठे गेली, कोणाला ठाऊक आहे का? तीन, कराचीत कोणाच्या ओळखीचं कोणी आहे का? भारतीय पासपोर्टवर मी तिथे जाणं कठीणच.

प्रतिसाद १

वार दिलाय ना, मग अर्धं काम झालं. १० शेबात ५६७५ म्हणजे २५ जानेवारी १९१५, सोमवार. १० शेबात ५६७८ म्हणजे २३ जानेवारी १९१८, बुधवार. यहुदी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, म्हणून एखाद्या वाराचा फरक धरायला हवा. तो धरला तरी पहिल्या तारखेला रविवारची संध्याकाळ ते सोमवार एवढाच पल्ला मिळतो, बुधवार काही केल्या येत नाही. १९१८ धरा.

प्रतिसाद २

वरच्यांना +१, पण दगडावरच ताळा घेता येईल. तुमच्या लोकांच्या कबरींवर हिब्रू मजकुराच्या शेवटी पाच अक्षरं असतात: ताव, नून, त्सादी, बेत, हे. 'त्याचा आत्मा जीवनाच्या गाठोड्यात बांधलेला राहो' या वाक्याची ती आद्याक्षरं. मूळ कल्पना बायबलमधल्या शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातली, अबीगईल दावीदाला म्हणते ती. त्यातलं पाचवं अक्षर 'हे' आहे यात शंकाच नाही, आणि ते त्याच पाथरवटाच्या हातचं. ते आणि वर्षाचं अक्षर शेजारी ठेवून पाहा. असे दगड घडवणाऱ्याला हिब्रू येत असेलच असं नाही. तो कागदावरून चित्रासारखं उतरवतो, त्यामुळे एकदा एक वळण बसलं की तेच पुन्हा काढतो.

नोंदवहीबद्दल: ब्रिटिश लायब्ररीत इलाख्याच्या दफनाच्या नोंदी आहेत म्हणून कोणीतरी तिकडे पाठवेल. त्या मुख्यतः ख्रिस्ती लोकांच्या आहेत, सुरुवात तिथून करू नका. त्यापेक्षा कराचीतलं सिंध अर्काइव्ह्ज आणि तिथल्या महापालिकेचे जुने मृत्यू-दाखले बघा. मुंबईतून त्या काळी निघणारी बेने इस्राएलांची मराठी नियतकालिकंही चाळा, कराचीची बातमी मुंबईला यायचीच. पणजोबा रेल्वे, पोस्ट किंवा पलटणीत होते का? तसं असेल तर पेन्शनच्या कागदांचा मार्ग वेगळा.

प्रतिसाद ३

मेवाशाहमधल्या यहुदी भागाची देखरेख एक स्थानिक बलोच कुटुंब करतं, असं पाकिस्तानी वर्तमानपत्रांत वाचलंय. झुडपं खूप वाढलेली असतात, त्यामुळे 'अमुक रांगेत' असं सांगून कोणाला कबर सापडणार नाही. आजूबाजूच्या दोन-तीन कबरींचे फोटो जोडून द्या. आणि ज्याला पाठवाल त्याला दगड घासायला अजिबात लावू नका. ब्रश, ॲसिड, खडू, काहीही नको. पापुद्रे सुटलेला दगड एका घासणीत उरलेली ओळही सोडतो. सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात काढलेला फोटो पुरतो, अक्षरांच्या खाचांत सावली पडते.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. प्रतिसाद २ वाचून लगेच फोटो मोठा करून पाहिला. तळाच्या 'हे'त डावा पाय आणि वरची आडवी रेघ यांत बोट जाईल एवढी फट आहे. वर्षाच्या अक्षरात ती फट नाही, आणि जिला मी मातीची रेघ समजत होतो ती खोदलेलीच आहे, कारण तिच्या आतल्या कडेला बाकी अक्षरांसारखीच सावली आहे. म्हणजे हेत. म्हणजे ५६७८, २३ जानेवारी १९१८. वारही जुळला. पप्पांना सांगितलं तर म्हणाले, मग इन्फ्लुएंझा नव्हे. त्यांच्या डोक्यात इतकी वर्षं तेच होतं. ती साथ त्याच वर्षी पण नंतर आली.

नोकरीचं विचारलंत, घरात 'कस्टम' असा शब्द ऐकलाय, कागद एकही नाही. कराची बंदरातल्या कस्टमच्या जुन्या नोकरांच्या याद्या कुठे मिळतात हे कोणाला माहीत असेल तर सांगा. तसंच कराचीतल्या मराठी मंडळींपैकी कोणी हे वाचत असेल, किंवा तिथल्या नारायण जगन्नाथ हायस्कूलच्या आसपास कोणाची ओळख असेल, तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. शेजारच्या कबरींचे फोटो तयार ठेवले आहेत. तिरप्या उन्हातला एक फोटो आणि मधल्या ओळीत एखादं अक्षर उरलंय का, एवढंच हवंय.