डाएट सुरू केल्यावर तंबाखूची तलफ वाढते का?

सायली_सातारा: नवऱ्याने तंबाखू सोडली, ठीक चाललं होतं. आता वजन कमी करायचं म्हणून सकाळी नुसता चहा आणि रात्रीचं जेवण बंद, तर संध्याकाळ झाली की जीव कासावीस होतो म्हणतो, सारखा हात खिशाकडे. सासूबाई म्हणतात निमित्त शोधतोय. मला नाही तसं वाटत. उपाशी राहण्याचा आणि तलफेचा खरंच संबंध असतो का?

मेंदूवेडा: असतो ताई, निमित्त नाहीये ते. मॅरिलिन कॅरोल या संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1979 मध्येच दाखवलं की उंदरांचं खाणं तोडलं की ते ड्रग जास्त घेतात, तोंडावाटे दिलं तरी आणि शिरेतून दिलं तरी. पुढे न्यूयॉर्कला केनेथ कार यांनी बरीच वर्षं यावरच काम केलं, आठवडेच्या आठवडे अर्धपोटी ठेवलेल्या उंदरांत मेंदूतल्या न्यूक्लियस अकम्बन्स नावाच्या भागात डोपामिनचे (ओढ लावणारं रसायन) डी-1 रिसेप्टर, म्हणजे ते रसायन टिपणाऱ्या जागा, जास्त जोरात प्रतिसाद देतात, म्हणजे तेवढ्याच डोसला मेंदू जास्त भुलतो. मूळ सोय भुकेल्या प्राण्याने जिवाच्या आकांताने अन्न शोधावं यासाठीची, पण निकोटीन, कोकेन त्याच वाटेने आत शिरतात.

आणि सोडलेलं परत सुरू होण्याबद्दल उरी शालेव यांचे प्रयोग बघा. हेरॉइन मिळणं बंद होऊन ते शोधायचंही थांबलेले उंदीर एक-दोन दिवस उपाशी ठेवले की परत शोधायला लागतात. मेंदूत लेप्टिन दिलं (चरबीतून येणारं पोट भरल्याचं हार्मोन, उपासात उतरतं) तर हे बरंच कमी झालं. पण विजेचा शॉक देऊन, म्हणजे ताणाने, जी ओढ जागी केली ती लेप्टिनने थांबली नाही! म्हणजे भुकेची वाट ताणाच्या वाटेहून वेगळी आहे, मला तर हे फारच भारी वाटतं.

अनघा_समुपदेशक: माणसांचं पण सांगते. 1944-45 मध्ये अमेरिकेत मिनेसोटाला अँसल कीज यांनी 36 तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं, त्यात कॉफी, सिगरेट, च्युइंगगम यांचं प्रमाण भयंकर वाढलं. आम्ही व्यसन सोडणाऱ्यांना पहिलं हेच विचारतो, जेवलात का? सायली, आधी तंबाखू पक्की सुटू दे, वजनाचं नंतर बघू, नाहीतर हळूहळू कमी करा पण जेवणाची वेळ चुकवू नका. शुगरची गोळी चालू आहे का त्यांना? असेल तर असं उपाशी राहणं डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको.

सायली_सातारा: गोळी नाहीये. आज संध्याकाळीच ज्वारीची भाकरी आणि मुगाची उसळ करते, आणि हे सगळं सासूबाईंना पण वाचून दाखवते.