प्रयोगानंतर कलाकाराने युद्धाविषयी बोलावे का?

प्रश्न : हौशी रंगकर्मी, परभणी

आमची नाट्यसंस्था गेली बारा वर्षे राज्य नाट्यस्पर्धेत भाग घेते. मागच्या महिन्यात एका प्रयोगाचा पडदा पडल्यानंतर, सर्व कलाकार रसिकांना अभिवादन करण्यासाठी उभे असताना, आमच्यातील एका तरुण अभिनेत्रीने गाझामधील मुलांचा उल्लेख करून युद्ध थांबावे असे दोन मिनिटांचे निवेदन केले. काहींनी टाळ्या वाजवल्या, काही जण उठून गेले, आणि पुढच्या प्रयोगाचा नेपथ्याचा व प्रवासाचा खर्च उचलणार असलेल्या व्यापाऱ्याने दुसऱ्याच दिवशी आपला शब्द मागे घेतला. आता संस्थेच्या कोणत्याही कलाकाराने राजकारण किंवा युद्ध या विषयांवर जाहीर मत मांडू नये, असा ठराव रविवारच्या बैठकीत येणार आहे. मला तो पटत नाही. मात्र संस्था टिकवण्याची जबाबदारीही माझ्यावरच आहे. जाणकारांनी मत द्यावे.

निवृत्त शिक्षक, अंबाजोगाई

असा ठराव मराठवाड्यात होतो आहे, याचे मला विशेष वाईट वाटले. निजामाच्या राज्यात साधी सभा घ्यायची तरी परवानगी लागे, आणि त्या काळात गणेशोत्सवातील मेळ्यांमधून पदे व संवाद म्हणणाऱ्या पोरांनी लोकांना जागे ठेवले, हे माझे वडील आम्हाला नेहमी सांगत असत. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंतचा तो सगळा काळ ज्यांनी पाहिला, त्यांना कलाकाराने राजकारणापासून दूर राहावे हा उपदेश समजला नसता.

बोलण्याची किंमत मोठ्या नटांनाही चुकलेली नाही. चार्ली चॅप्लिनने १९४० मध्ये हिटलरच्या विरोधात चित्रपट काढला, तेव्हा अमेरिका युद्धात उतरलेलीही नव्हती. पुढे १९५२ मध्ये तो लंडनच्या प्रवासात असताना, त्याच्या राजकीय मतांचा संशय धरून, त्याचा अमेरिकेत परतण्याचा परवाना रद्द झाला आणि त्या भूमीवर पुन्हा पाऊल ठेवायला त्याला १९७२ साल उजाडावे लागले. आपल्याकडे आणीबाणीत किशोर कुमार यांनी सरकारी प्रचाराच्या कार्यक्रमात गाण्यास नकार दिला, म्हणून त्यांची गाणी आकाशवाणी व दूरदर्शनवरून बंद करण्यात आली. तेव्हा कलाकाराला गप्प बसवणे जितके चूक, तितकेच त्याला कोणाच्या तरी बाजूने बोलायला लावणेही चूक आहे.

शेतकरी, माजलगाव

गुरुजींविषयी आदर ठेवून थोडे वेगळे लिहितो. माझा मुलगा सैन्यात आहे. सीमेवर तणाव वाढला की आमच्या घरात रात्री कोणी झोपत नाही, आणि त्याच वेळी मुंबईत सुरक्षित बसलेले नट ‘आता घुसून मारा’ असे मोबाइलवर लिहीत असतात, तेव्हा मला त्यांचा फार संताप येतो. व्हिएतनाम युद्धाच्या काळात, १९७२ मध्ये, जेन फोंडा हनोईला गेली आणि विमानविरोधी तोफेवर बसलेले तिचे छायाचित्र जगभर पसरले; तिचा युद्धविरोध खरा होता, तरी त्या छायाचित्राने सैनिकांच्या घरच्यांना झालेली जखम भरून निघाली नाही आणि त्याबद्दल तिने पुढे अनेकदा माफी मागितली. चेहरा प्रसिद्ध असला म्हणजे माणूस युद्धातला जाणकार होत नाही. तुमच्या मुलीने मात्र कोणाला मारा असे म्हटलेले नाही, मारणे थांबवा असे म्हटले आहे, आणि एका सैनिकाचा बाप म्हणून मला त्यात आक्षेपार्ह काहीच दिसत नाही.

वकील, लातूर

एक फरक ठरावात यायला हवा. नाटकाच्या संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्यामुळे प्रयोगाच्या आत आयत्या वेळी वाक्ये घालणे योग्य नाही, आणि ते सहकलाकारांवरही अन्यायाचे आहे. परंतु पडदा पडल्यावर तीच मुलगी नागरिक म्हणून उभी असते. ‘हे माझे वैयक्तिक मत आहे’ एवढे एक वाक्य तिने आधी म्हणावे, इतकाच नियम पुरेसा आहे.

माजलगावकरांचा मुद्दा मात्र मला सर्वांत मोलाचा वाटतो. बोलणाऱ्याने त्या दुःखाच्या जवळ जायला हवे. पंजाब पेटलेला असताना, १९८७ मध्ये, सुनील दत्त मुंबईहून अमृतसरपर्यंत पायी गेले. २०१५ च्या दुष्काळात नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे आपल्या भागात आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या कुटुंबांना भेटले, त्यांना मदत दिली आणि त्यातूनच ‘नाम फाउंडेशन’ उभे राहिले. त्यानंतर ते शेतीच्या धोरणावर जे बोलले, ते आमच्या गावांनी कान देऊन ऐकले. अर्थात गाझाला जाणे परभणीच्या मुलीला शक्य नाही, म्हणून तिने गप्पच बसावे असेही मी म्हणणार नाही.

एक विचारतो, त्या मुलीला रविवारच्या बैठकीचे निमंत्रण आहे का?

हौशी रंगकर्मी, परभणी

नव्हते. ती कार्यकारिणीची सदस्य नाही, एवढ्या कारणावरून तिला बोलवावे हे आमच्यापैकी कोणालाच सुचले नाही, आणि वकीलसाहेबांचा प्रश्न वाचून मला खरोखर लाज वाटली. आत्ताच तिला फोन केला. ती येणार आहे. आधी ती बोलेल, मग ठराव वाचला जाईल. नेपथ्यासाठी आम्ही सभासदच वर्गणी काढतो आहोत. रक्कम कमी पडली, तर पुढचा प्रयोग मोकळ्या रंगमंचावर करू.