रेबीजच्या लसीची तारीख उलटली असल्यास लसीकरण पहिल्यापासून सुरू करावे लागते का?

प्रश्न (दादरकर)
काकांनी गावी कायमचे राहायला जाताना त्यांची तीन वर्षांची देशी कुत्री आमच्याकडे सोपवली. तिच्या लसीकरण पुस्तिकेत तिसऱ्या महिन्यात आणि पुढे वर्षभराने दिलेल्या रेबीजच्या लसीची नोंद आहे. त्यानंतरचे रकाने कोरे आहेत. नंतरही एका शिबिरात लस टोचल्याचे काका सांगतात, पण त्याचा कागद नाही. आता सर्व मात्रा पुन्हा द्याव्यात की एकच पुरेल? शिवाय सातव्या मजल्यावर राहणाऱ्या आणि केवळ साखळीला बांधून फिरणाऱ्या कुत्रीला दरवर्षी लस आवश्यक आहे का?

उत्तर (पशुवैद्य, विलेपार्ले)
नोंद नसलेली मात्रा दिलीच नाही असे धरून चालावे. निरोगी जनावराला एखादी मात्रा जास्त झाल्याने सहसा अपाय होत नाही, कमी पडल्यास मात्र धोका मोठा आहे. प्रौढ कुत्र्याला मुदत उलटल्यावर बहुधा एकच मात्रा देऊन पुढची तारीख तेथून मोजतात. तरी आधी तपासणी करून घ्यावी आणि ताप असल्यास तो उतरू द्यावा. काही लसींच्या माहितीपत्रकावर तीन वर्षांची मुदत असते; तरीही भटक्या कुत्र्यांची संख्या पाहता मी मुंबईत वार्षिक मात्राच सुचवतो. लस टोचल्यावर पंधरा-वीस मिनिटे दवाखान्यातच थांबावे, कारण क्वचित तोंडाला सूज येते. मात्रा देताच संरक्षण मिळते असे समजू नये; पहिले काही आठवडे तिला अनोळखी कुत्र्यांपासून दूर ठेवावे.

उत्तर (गोरेगावहून)
पावसाळ्यापूर्वी लेप्टोच्या (उंदरांच्या मूत्रातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसच्या) धास्तीने अनेक जण 'सेव्हन-इन-वन' ही अनेक आजारांवरची एकत्रित लस देऊन येतात आणि सगळे झाले असे मानतात, पण त्या लसीत रेबीजचा अंश असेलच असे नाही. म्हणून कुपीवरचे लेबल पुस्तिकेत चिकटवून घ्यावे. त्यावर लसीचे नाव, बॅच क्रमांक आणि अंतिम तारीख असते, आणि केवळ सही-शिक्क्यापेक्षा ते अधिक उपयोगी पडते. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये साठवावी लागते, तेव्हा दुकानातून कुपी विकत घेऊन उन्हातून नेण्याऐवजी दवाखान्यातल्या फ्रीजमधलीच घ्यावी. खासगी दवाखाना परवडत नसेल तर परळच्या बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालयात चौकशी करावी. महानगरपालिकेच्या श्वानपरवान्यासाठीही लसीकरणाचा दाखला लागतो.

उत्तर (मुलुंडहून)
सातवा मजला हे संरक्षण नव्हे. लिफ्टमध्ये, आवारात, बागेत गाठ पडतेच, आणि एक चावा पुरेसा असतो. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर हा आजार जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो, जनावराला आणि माणसालाही. म्हणून तारीख पुढे ढकलण्याचे कोणतेही कारण मला पटत नाही. तिला संशयित जनावर चावले, तर लस चालू असली तरी लगेच पशुवैद्याकडे न्यावे. माणसाला कोणत्याही कुत्र्याचा दात लागल्यास जखम वाहत्या पाण्याने आणि साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, हळद-चुना लावू नये आणि त्याच दिवशी रुग्णालयात जावे. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवतात, पण तोवर उपचार थांबवायचे नसतात. कुत्र्याची पुस्तिका पूर्ण आहे म्हणून घरी बसू नये.

प्रश्नकर्ता (दादरकर)
आभारी आहे. पुढच्या आठवड्यात तिची नसबंदी ठरली आहे. लस त्याच दिवशी देता येईल का?

उत्तर (पशुवैद्य, विलेपार्ले)
येते. भटक्या कुत्र्यांच्या नसबंदी मोहिमेत रेबीजची लसही सोबतच दिली जाते. शस्त्रक्रिया पुढे गेली, तर लस मात्र तिच्यासाठी अडवून ठेवू नका. ती आधीच उरकून घ्या.