आईला ज्योतिषिणीची पत्रं येतायत, काय करावं?

मंदार_एडिसन: मंडळी, आई वर्षभर आमच्याकडे न्यू जर्सीत आहे आणि तिच्या नावाने टपालाने पत्रं येतायत. कोणी बाई आहे, तिला म्हणे आईभोवती काळी सावली दिसली, अमुक तारखेच्या आत 45 डॉलर पाठवले की ती हटणार वर लॉटरीचा योग पण आहे. निळ्या शाईत, हाताने लिहिल्यासारखं, दर चार ओळींनी आईचं नाव. काल चेकबुक बघितलं तर तीन चेक गेलेत. बोललं की रडते.

खारीबिस्कीट: पान उलटं करून मागून बोट फिरवा. पेनाने लिहिलेलं असेल तर उठाव लागतो, छापलेलं असेल तर पान सपाट. आणि एकच अक्षर पाच ठिकाणी बघा, शेपटीसकट डिट्टो निघेल. हे आईंनाच करू द्या, तुम्ही लेक्चर देऊ नका.

कोकणी_माणूस: मारिया दुवाल नाव शोधा. या फ्रेंच ज्योतिषिणीच्या नावाने 1994 ते 2014 अमेरिकेत अशीच पत्रं जायची, 13 लाखांवर लोकांकडून 17.5 कोटी डॉलरच्या वर उकळले, बहुतेक म्हातारी माणसं. पत्रं काढणारा पॅट्रिस रनर, कॅनडाचा, 2023 मध्ये दोषी ठरला आणि 2024 मध्ये 10 वर्षं आत. मजकूर सगळ्यांना तोच, फक्त नाव बदलायचं. एकदा पैसे दिले की पत्रं वाढतात, कारण देणाऱ्यांच्या याद्या हे लोक आपापसात फिरवतात, त्यामुळे आता दुसऱ्याच कुठल्या तरी 'दिव्यदृष्टी'वाल्याचं आलं तर दचकू नका.

सुमेधा_ताई: न वटलेले चेक आजच बँकेत सांगून थांबवा. पाकिटं फेकू नका हं, परतीचा पत्ता त्यावरच असतो, पोस्टल इन्स्पेक्शन सर्व्हिसकडे, म्हणजे अमेरिकन पोस्टाच्या तपास खात्याकडे, ऑनलाइन तक्रार करता येते. आणि पोस्टाची इन्फॉर्म्ड डिलिव्हरी सेवा चालू करा, फुकट आहे, येणाऱ्या पाकिटांचे फोटो सकाळीच ईमेलवर येतात.

मंदार_एडिसन: थँक्यू सगळ्यांना. एक चेक वटला होता, दोन थांबले. आईने स्वतः बोट फिरवलं, मग काही न बोलता कपाटातून अकरा पत्रं आणि एक 'मंतरलेलं' लॉकेट काढून दिलं, लॉकेटमागे मेड इन चायनाचा स्टिकर. हसली थोडी. मग म्हणाली, दुपारी तुम्ही दोघं ऑफिसात, पोस्टमन माझ्या नावाचं काहीतरी आणायचा रे. आता पुण्याच्या मावशीला पत्र लिहायला बसवलंय, खरं, पेनाने.