मदत हवी आहे: धाकट्या भावाच्या गुडघ्यातलं एसीएल (हाडांना हाडं जोडणारा एक अस्थिबंध) तुटलंय. त्याजागी बसवायचा ग्राफ्ट कुठून घ्यावा, आणि संक्रांतीला काठी पेलता येईल का?

नमस्कार मंडळी. मी सोलापूरची, शाळेत विज्ञान शिकवते. धागा जरा लांबलाय, पण निर्णय पंधरा दिवसांत घ्यायचा आहे.

भाऊ २३ वर्षांचा. गेली तीन वर्षं संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेत नंदीध्वज, म्हणजे मानाची उंच काठी, पेलणाऱ्या पोरांमध्ये असतो. जूनमध्ये कबड्डी खेळताना पाऊल जमिनीला खिळलं आणि वरचं अंग फिरलं. ‘टक्क’ असा आवाज शेजारच्या पोरांनाही ऐकू आला. तासाभरात गुडघा नारळाएवढा. एका दवाखान्यात एक्स-रे काढला, हाड शाबूत निघालं, ‘मुका मार आहे’ म्हणून पट्टी बांधून घरी पाठवलं. तीन आठवड्यांनी सूज उतरली, तो चालायला लागला, आम्हीही निर्धास्त झालो. मग जुलैअखेर जिना उतरताना गुडघा एकदम निसटला. दुसऱ्या डॉक्टरांनी गुडघा किंचित वाकवून नडगी पुढे ओढून पाहिली आणि लगेच एमआरआय करायला सांगितला. एसीएल पूर्ण तुटलंय, आतल्या बाजूच्या मेनिस्कसलाही (हाडांमधल्या कूर्चेच्या गादीलाही) चीर आहे. इतक्या झपाट्यानं आलेली सूज म्हणजे बहुधा सांध्यात रक्त, आणि त्यामागे बऱ्याचदा एसीएल असतं, हे आता कळलं. ते पहिल्याच दिवशी कुणी सांगितलं असतं तर मेनिस्कस कदाचित वाचला असता. याचा राग अजून जात नाही.

आमच्या वडिलांनी ३० वर्षं यंत्रमागावर चादरी विणल्या. रिपोर्ट वाचून दाखवला तर म्हणाले, “तुटलंय ना? मग गाठ मारून जोडायचं. दुसरीकडचा धागा कशाला काढायचा?” मला उत्तर येईना. मग घरात पडलेल्या कोनावरचं सूत घेतलं, दोन्ही हातांनी ताणून तोडलं आणि टोकं पाण्याच्या वाटीत सोडली. टोकं फुलून मऊ पडली. त्यांनी ती चिमटीत धरून पाहिली आणि म्हणाले, “याला गाठ बसणार नाही.”

मला समजलंय ते असं. गुडघ्याला मुख्य अस्थिबंध चार. दोन बाजूंना दोन, आणि सांध्याच्या मधोमध एकमेकांना तिरके छेदणारे दोन, म्हणजे एसीएल आणि पीसीएल. एसीएल मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या गोलाच्या आतल्या भिंतीवरून निघतं, तिरकं खाली-पुढे येतं आणि नडगीच्या माथ्यावर मध्यभागी, जरा पुढच्या अंगाला रुजतं. लांबी जेमतेम ३ सेंमी. एवढ्याशा दोरीची ताकद तरुण माणसात साधारण २१६० न्यूटन, म्हणजे २२० किलो वजन तोलेल इतकी. तिला दोन पदर असतात. गुडघा वाकला की पुढचा-आतला पदर ताणतो, सरळ झाला की मागचा-बाहेरचा. नडगी पुढे सरकू द्यायची नाही आणि वळताना आवरून धरायची, हे दोघांचं काम. आतल्या बाजूचा अस्थिबंध सांध्याच्या पोकळीबाहेर असल्यामुळे तो बऱ्याचदा ऑपरेशनशिवाय भरून येतो. एसीएल मात्र सांध्यातल्या पातळ द्रवात असतं. तिथे रक्ताची गुठळी टिकत नाही, आणि गुठळीच नसेल तर जखम भरायला आधार कशाचा? म्हणून दुसरीकडचा कंडरा (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) आणून नवीन अस्थिबंध बसवतात. त्यालाच ग्राफ्ट म्हणतात.

डॉक्टरांनी तीन पर्याय सांगितले: मांडीमागच्या हॅमस्ट्रिंगचे दोन कंडरे दुमडून चौपदरी करायचे, गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडऱ्याचा मधला एक-तृतीयांश हिस्सा दोन्ही टोकांच्या हाडाच्या तुकड्यांसकट घ्यायचा, किंवा घोट्याजवळचा पेरोनियस लाँगस हा कंडरा वापरायचा. खांद्या-कमरेवर भार घेऊन, गर्दीत तोल सांभाळत चालणाऱ्याला यातला कुठला बरा? दुसरं म्हणजे भावाचा हट्ट आहे की ऑगस्टमध्येच ऑपरेशन उरकायचं आणि जानेवारीत काठी पेलायची. जमेल का?

---

प्रतिसाद १

ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे. आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो: नाही. बसवलेला कंडरा सुरुवातीला मृत धाग्यासारखाच असतो. त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात, जुन्या पेशी जाऊन नव्या येतात आणि हळूहळू तो अस्थिबंधासारखा होतो. पहिल्या दोन-तीन महिन्यांत तर तो बसवला तेव्हापेक्षाही कमजोर असतो. जानेवारी म्हणजे पाचवा महिना. तेव्हा पोराला दुखत नसतं, सूज नसते, त्याला वाटतं आपण बरे झालो. मी सगळ्यात जास्त भितो ते याच टप्प्याला. खेळाडूंनाही किमान ९ महिने थांबवतो, आणि तेही मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद चांगल्या पायाच्या ९० टक्क्यांपर्यंत आली तरच. काठी पेलताना माणूस सरळ चालतो खरा, पण काठी कलली की पाय रोवून अंग फिरवावं लागतं. जूनमध्ये हेच झालं ना?

आणि ऑपरेशनची घाई करण्याआधी गुडघा पूर्ण सरळ होतोय का आणि सूज गेलीय का ते बघा. आखडलेल्या गुडघ्यावर ऑपरेशन केलं तर तो पुढेही आखडलेलाच राहण्याची भीती असते.

प्रतिसाद २

अस्थिरोग विभागात शिकतोय, म्हणून थोडं. ग्राफ्ट कुठला यावर सगळे भांडतात, पण ग्राफ्ट अडकवायला हाडांत बोगदे कुठे पाडले याला तितकंच महत्त्व आहे. मूळ एसीएल जिथे रुजलेलं होतं तिथेच दोन्ही टोकं यायला हवीत. मांडीच्या हाडातला बोगदा वर सरकला की ग्राफ्ट उभा बसतो. असा ग्राफ्ट नडगी पुढे सरकणं थांबवतो, पण वळताना गुडघा निसटतोच. तुम्ही वर लिहिलेला ‘तिरकं’ हा शब्द म्हणूनच महत्त्वाचा आहे. सर्जनना बोगद्याच्या जागेबद्दल जरूर विचारा. हॅमस्ट्रिंग घेतलं तर जाडी ८ मिमी भरेल का, आणि नाही भरली तर पुढे काय, हेही विचारा.

प्रतिसाद ३

माझं ऑपरेशन वाटीखालच्या कंडऱ्यानं झालं. गुडघा भक्कम आहे. हाडाला हाड लागत असल्यामुळे ग्राफ्ट लवकर धरतो असं सांगितलं होतं. पण गुडघे टेकून बसलो की पुढे टोचतं, देवासमोर साष्टांग घालतानाही. भावाला याचा विचार करायला सांगा.

---

अपडेट (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. साष्टांगाचा मुद्दा आमच्या डोक्यातही आला नव्हता. भाऊ तो वाचून बराच वेळ गप्प बसला, कारण यात्रेत त्याला ते चुकवायचं नाहीये. वाटीखालचा पर्याय त्यानं स्वतःच बाजूला ठेवला.

पहिला प्रतिसाद मी आधी वडिलांना वाचून दाखवला. ते उठून त्याच्या खोलीत गेले आणि एवढंच म्हणाले, “नव्या ताण्यावर पहिल्याच दिवशी कुणी पूर्ण वेगानं माग चालवत नाही.” यंदा भाऊ बाराबंदी (यात्रेतला पांढरा पारंपरिक पोशाख) घालून काठीसोबत चालेल, पेलणार नाही. तयार झालाय, पण चेहरा उतरलेला आहे.

सर्जनना भेटून आलो. मेनिस्कसला टाके घालणं शक्य आहे का ते आत बघूनच ठरेल, आणि घातले तर सुरुवातीचे काही आठवडे पायावर भार कमी द्यावा लागेल. बोगद्याबद्दल विचारल्यावर त्यांनी प्लॅस्टिकचा सांधा हातात घेऊन जागा दाखवली, छान समजावलं. हॅमस्ट्रिंगचे कंडरे नडगी मागे ओढतात, म्हणजे एसीएलला मदतच करतात. मग तेच काढून घेतले तर कसं, हे मी विचारलं. त्यावर ते म्हणाले की गुडघा खूप वाकवतानाची ताकद थोडी कमी होते, बाकी व्यायामानं भरून निघतं. पेरोनियसचाही विचार करता येईल असं म्हणाले.

आता माझा प्रश्न एवढाच उरलाय. पेरोनियस लाँगस काढलेल्यांपैकी इथे कुणी आहे का? वर्षभरानंतर घोट्याची ताकद कशी आहे, उंचसखल जमिनीवर भार घेऊन चालताना पाऊल बाहेर कलतं का? सोलापूर, बार्शी, पंढरपूर, कुठलेही असा, कृपया लिहा. पुढच्या गुरुवारी ठरवून कळवायचं आहे.